स्वतःला 'नको', बाबांना मात्र 'करूया'

पत्र वाचलं गं. ७६ वर्षांचे बाबा, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन केलं तर आयुष्य वाढेल पण नंतर पहिल्यासारखं हिंडता-फिरता येईलच असं नाही, भाऊ फोनवरून 'करूनच टाक' म्हणतोय, आणि तू विचारतेस की ताई, माझ्यावर ही वेळ आली असती तर मी सरळ नको म्हटलं असतं, मग बाबांसाठी हो का म्हणतेय, मी ढोंगी आहे का?

ढोंगी-बिंगी काही नाहीस. डॉक्टरांचंही हेच होतं. अमेरिकेत पीटर युबेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये डॉक्टरांनाच विचारलेलं, आतड्याच्या कॅन्सरवर दोन ऑपरेशनं आहेत, एकात जीव जायचा धोका थोडा जास्त, दुसऱ्यात कमी पण वाचलात तर पोटाला शौचाची पिशवी नाहीतर कायमचे जुलाब असलं काहीतरी मागे लागू शकतं. स्वतःसाठी पहिलं निवडणारे शंभरात ३८ निघाले, पेशंटला तेच सुचवणारे फक्त २५.

स्वतःचं ठरवताना ती पिशवी डोळ्यासमोर येते, ती कोण बदलणार याची लाज वाटते. दुसऱ्याचं ठरवताना ते सगळं पुसट होतं आणि जगणार की नाही एवढंच उरतं. वर उद्या काही झालं तर 'तेव्हाच का नाही केलंस' हे ऐकायची भीती, ती तर बाबांची नाहीच, तुझी आहे. आत्याच्या वेळी मीही फॉर्मवर सही केली तेव्हा डोक्यात आत्या कुठे होती, नातेवाईकच होते सगळे.

पण म्हणून तुझं 'मी असते तर नको' पण त्यांच्या गळ्यात मारू नकोस हं. धडधाकट माणसाला अंथरुणावरचं जगणं फार भयंकर वाटतं, प्रत्यक्ष त्यात असलेली माणसं बरेचदा रुळतात.

अगं, तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात बाबा काय म्हणाले हे एकदाही नाहीये! रोज पेपर वाचतात म्हणतेस, मग विचार की त्यांना, जास्त भीती कशाची वाटते, जाण्याची की कुणावर तरी अवलंबून राहण्याची. आधी डॉक्टरांकडून नीट कळून घे, तीन महिन्यांनी आंघोळ स्वतःची स्वतः जमेल का, बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागेल का. आणि 'तुमचे वडील असते तर' असं नको विचारूस, 'तुम्ही स्वतः असता तर' असं विचार.

बाबा बोलतील तेव्हा भावाला फोन लावून स्पीकरवर ठेव, त्यालाही ऐकू दे.