छायाचित्रांचा क्रम कसा लावावा?

प्रश्न : आमचे मंडळ गावातील जुन्या बारवेची (पायऱ्या असलेल्या विहिरीची) साफसफाई करत आहे. फेसबुक व इन्स्टाग्रामवर छायाचित्रे टाकताना क्रम विस्कटतो आणि स्वच्छ झालेली बारव आधी, तर गाळाने भरलेली नंतर दिसते. यावर उपाय काय?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : गोंधळाचे मूळ बहुधा तुमच्या फोनच्या गॅलरीत असावे. छायाचित्र काढल्याची तारीख आणि वेळ मूळ फाइलमध्ये नोंदलेली असते. परंतु व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे पाठवलेल्या छायाचित्रातून ती नोंद गळून पडते आणि गॅलरी ते मिळाल्याच्या वेळेनुसार मांडते. म्हणून सदस्यांना छायाचित्रे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

इन्स्टाग्रामवर निवडताना प्रत्येक छायाचित्रावर आकडा उमटतो व तोच क्रम कायम राहतो. पोस्ट करण्यापूर्वी छायाचित्र बोटाने दाबून धरून पुढे-मागे सरकवताही येते. एका पोस्टमध्ये पूर्वी दहा छायाचित्रे मावत, 2024 पासून वीस मावतात. पहिल्या छायाचित्राची मापे सर्वांना लागू होत असल्याने ते आडवे असेल, तर खोल उतरत गेलेल्या पायऱ्यांची उभी छायाचित्रे वरून-खालून कापली जातात. बारवेसाठी पहिले छायाचित्र उभेच घ्यावे.

फेसबुकवर साधारणपणे पहिली पाच छायाचित्रेच समोर दिसतात आणि उरलेल्यांची संख्या पाचव्यावर अधिक चिन्हासह येते. त्यामुळे गाळाने भरलेली बारव पहिली आणि त्याच जागेवरून टिपलेली आजची बारव दुसरी, ही जोडी कधीही तोडू नका. त्यानंतर गाळ उपसणे, मोकळ्या झालेल्या पायऱ्या, देवकोष्ठे (भिंतीतील देवमूर्तींचे कोनाडे) आणि शेवटी श्रमदान करणाऱ्यांचे एकत्रित छायाचित्र, असा क्रम मला योग्य वाटतो. पाहुण्यांचा सत्कार सर्वांत आधी दाखवण्याची आपल्याकडील रीत मला पटत नाही, कारण दूरवरचा वाचक बारव पाहायला आलेला असतो आणि तीच त्याला आधी दिसली पाहिजे. मजकुरात ‘डावीकडे’, ‘वर’ असे न लिहिता ‘पहिले छायाचित्र’, ‘दुसरे छायाचित्र’ असेच लिहावे. मांडणी प्रत्येक ठिकाणी बदलते.

पुढील श्रमदानापासून काठावरचा एखादा दगड ठरवून प्रत्येक वेळी तेथूनच छायाचित्र घ्या आणि मूळ फाइली तारखेनुसार संगणकावर स्वतंत्र जपून ठेवा.