‘एन्टँगलमेंट’ला गुंतागुंत म्हणावे का?

मालवण येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या वाचकांनी एक शंका पाठवली आहे. ‘क्वांटम गुंतागुंतीला दुसरा नियम लागू नाही’ हे एका विज्ञानलेखाचे शीर्षक वाचून त्यांच्या विद्यार्थ्यांनी विचारले की, गुंतागुंत हा मोजायचा पदार्थ आहे का आणि तिला नियम कशाला हवा. ‘एन्टँगलमेंट’साठी, म्हणजे दोन कणांची अवस्था अशी एकत्र होणे की एकेकट्याचे वर्णन पुरे पडत नाही, यासाठी ‘गुंतागुंत’ बरोबर आहे का, आमच्याकडे बोलण्यात असलेला ‘गुंता’ चालेल का, की ‘बंध’ घालून एखादा नवा शब्द करावा, असे त्यांनी विचारले आहे.

‘गुंतागुंत’ चालणार नाही. मराठीत या शब्दाचा अर्थ पक्का ठरलेला आहे. प्रसूतीत गुंतागुंत होते, जमिनीच्या सातबाऱ्यात गुंतागुंत असते. म्हणजे प्रकरण अवघड होऊन बसते. एन्टँगलमेंट असलेली जोडी मात्र मुळीच अवघड असावी लागत नाही. दोनच कण आणि त्यांची एक साधी सामाईक अवस्था एवढ्यावर भागते. ‘क्वांटम गुंतागुंत’ वाचणाऱ्याच्या मनात ‘क्वांटमचे अवघड प्रकरण’ एवढेच उमटते, आणि ते खरे असले तरी लेखकाला सांगायचे ते नसते.

‘गुंता’ अधिक जवळचा वाटतो, विशेषतः किनाऱ्यावर. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर कुर्ली (खेकडा) अडकलेले जाळे सोडवताना पाहिले, तर गुंत्याचा स्वभाव कळतो: नांग्यांभोवती नायलॉनचे धागे असे आवळलेले असतात की एक ओढावा तर दुसरा घट्ट होतो, आणि शेवटी एखादा फास कापूनच टाकावा लागतो. गुंता आपोआप होतो आणि कष्टाने निघतो. एन्टँगलमेंटचे नेमके उलट आहे: वापरण्याजोगे ते मुद्दाम, काळजीपूर्वक निर्माण करावे लागते आणि आसपासच्या उष्णतेचा वा एखाद्या भरकट्या प्रकाशकणाचा स्पर्श झाला तरी विरून जाते. प्रयोगशाळांची निम्मी धडपड ते टिकवण्यासाठी असते. शिवाय मराठीत गुंता हा नेहमी ‘काढायचा’ असतो. तो कोणी जपून ठेवत नाही.

‘बंध’ रसायनशास्त्राने आधीच घेतला आहे आणि त्यात दोन्ही टोकांना धरून ठेवणारे बल गृहीत धरलेले असते. येथे तसे कोणतेही बल नाही. जोडी पूर्णपणे गुंतलेली असेल, तर त्या जोडीची अवस्था आपल्याला संपूर्ण ठाऊक असते, म्हणजे तिची एन्ट्रॉपी, अर्थात आपल्या अज्ञानाचे माप, शून्य असते. पण त्यांतला एकच कण पाहिला, तर त्याच्याविषयी काहीच ठाऊक नसते, म्हणजे त्याची एन्ट्रॉपी पुरी एक बिट (हो-नाही अशा एका उत्तराएवढी) भरते. संपूर्णाचे ज्ञान आहे आणि भागांचे नाही, हा या कल्पनेचा गाभा. कोणताही एक शब्द तो गाभा सांगू शकणार नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. पारिभाषिक शब्दाने दिशाभूल करू नये आणि वाक्यात चालावे, एवढे पुरे.

माझी निवड ‘गुंफण’ ही आहे. भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्र्योडिंगर यांनी 1935 मध्ये या कल्पनेला जर्मनमध्ये ‘फरश्रेंकुंग’ आणि इंग्रजीत ‘एन्टँगलमेंट’ अशी दोन नावे दिली. जर्मन शब्द हाताची घडी घालण्यासाठीही वापरतात. त्यात एकमेकांत बसवण्याचा अर्थ आहे, फसण्याचा नाही. आपले अनुवादक इंग्रजी शब्दामागे गेले आणि जाळ्यात अडकले. गुंफण ही अबोलीच्या वेणीची असते, हेतुपूर्वक केलेली आणि सहज सुटणारी.

पण खरी परीक्षा क्रियापदांची. आजच्या संशोधनात ही गोष्ट मोजतात, साठवतात, खर्च करतात. टेलिपोर्टेशनमध्ये, म्हणजे कण न पाठवता एका क्यूबिटची (क्वांटम माहितीच्या एककाची) अवस्था दूर पाठवताना, गुंफलेली एक जोडी आणि साधे दोन बिट खर्ची पडतात, हे 1993 मध्ये दाखवले गेले. अनेक अर्धवट विरलेल्या जोड्यांपासून थोड्या शुद्ध जोड्या काढता येतात. त्याला ‘गुंफणीचे ऊर्ध्वपातन’ म्हणता येईल. ‘गुंतागुंतीचे ऊर्ध्वपातन’ म्हणून पाहा, हसू येते.

ज्या शीर्षकावरून प्रश्न आला, तेही या हिशेबातलेच आहे. ऊष्मागतिकीच्या, म्हणजे उष्णता आणि ऊर्जा यांच्या शास्त्राच्या, दुसऱ्या नियमाप्रमाणे कोणते रूपांतर शक्य आहे हे एन्ट्रॉपी ठरवते. तशी एकच राशी गुंफणीच्या रूपांतरांसाठी आहे का, हा प्रश्न आहे. ती असायची तर रूपांतर तोटा न होता उलट दिशेनेही करता आले पाहिजे. शुद्ध, म्हणजे संपूर्ण ठाऊक असलेल्या, अवस्थांसाठी ती आहे, आणि ती एका भागाची एन्ट्रॉपीच होय. मिश्र, म्हणजे अर्धवटच ठाऊक असलेल्या, अवस्थांत अडचण येते: काही अवस्था घडवायला गुंफण लागते, पण त्यांतून ती परत काढता येत नाही. 1998 मध्ये सापडलेल्या या प्रकाराला ‘बद्ध गुंफण’ म्हणावे. 2008 मध्ये ब्रान्दाओ आणि प्लेनियो या संशोधकांनी, नगण्य गुंफण निर्माण करण्याची मुभा दिली तर सारी रूपांतरे तोटा न होता उलट दिशेनेही करता येतात, असे मांडले. पुढे त्यांच्या आधारभूत सिद्धतेत त्रुटी आढळली आणि 2024 मध्ये नव्या सिद्धता पुढे आल्या. लामी आणि रेगुला या संशोधकांचा 2023 चा निष्कर्ष मात्र असा की, जराही गुंफण निर्माण करायची नाही असे बंधन पाळले, तर उलट दिशेची वाट बंद होते. अलीकडे ‘गुंफणीची बॅटरी’ ही कल्पना आली आहे: साठ्यातून उसने घ्यावे, पण शेवटी साठा घटलेला नसावा, या अटीवर उलट दिशेची वाट पुन्हा खुली होते. म्हणजे शीर्षकातले ‘लागू नाही’ हे एका कडक अटीपुरतेच खरे आहे, आणि ‘गुंतागुंतीची बॅटरी’ लिहिले तर वाचकाला दुरुस्तीला टाकलेली बॅटरी आठवेल.

एक भेद मात्र पाळावा. ‘सहसंबंध’ हा व्यापक शब्द आहे; प्रत्येक सहसंबंध म्हणजे गुंफण नव्हे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लोरोफॉर्मच्या प्रयोगात कार्बन आणि हायड्रोजन यांच्या केंद्रकांत आधीपासून सहसंबंध ठेवला, तेव्हा उष्णता थंडाकडून गरमाकडे गेली आणि सहसंबंध खर्च झाला. तेथे ‘गुंफण’ लिहिणे घाईचे ठरेल.

लिहिताना प्रथम ‘एन्टँगलमेंट, म्हणजे गुंफण’ असे एकदा सांगावे आणि पुढे गुंफण, गुंफणीचा, गुंफलेली जोडी असे चालवावे. ‘गुंतणूक’ हा शब्दही काहींनी सुचवला आहे, पण छपाईत त्याची ‘गुंतवणूक’ व्हायला वेळ लागत नाही. विद्यार्थ्यांसाठी ते शीर्षक असे वाचावे: ‘क्वांटम गुंफणीला ऊष्मागतिकीसारखा दुसरा नियम आहे का? उत्तर अटींवर अवलंबून.’