सारख्या अक्षरांचे इंग्रजी शब्द पाठ करण्याआधी त्यांची कुळे वेगळी करावीत

आपला मुलगा मराठी माध्यमातून नववीत शिकतो, शिकवणीत त्याला ‘पी-ई-डी’ ही तीन अक्षरे असलेल्या इंग्रजी शब्दांची अर्थासह यादी पाठ करायला दिली आहे आणि पाठ झालेले अर्थ चार दिवसांत एकमेकांत मिसळतात, अशी आपली अडचण आहे. दादर-परळ भागातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवत आलो आहे आणि माझ्या मते येथे मुलाच्या स्मरणशक्तीला बोल लावण्याचे कारण नाही. यादी करणाऱ्याने अक्षरे जुळतात एवढेच पाहिले. मूळ जुळते का, हे पाहिले नाही. दोघांचे आडनाव सारखे असले म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत, तसेच हे आहे.

या यादीत दोन वेगवेगळी कुळे आहेत. पहिल्या कुळाचे मूळ लॅटिनमधला पायाचा शब्द. पेडल म्हणजे पायाने दाबायची पट्टी, बायपेड म्हणजे द्विपाद, क्वाड्रुपेड म्हणजे चतुष्पाद, सेंटिपीड म्हणजे गोम (शब्दशः शंभर पायांची) आणि पेडिस्टल म्हणजे पुतळ्याखालचा चौथरा; घरातल्या उभ्या पेडिस्टल फॅनचे नावही त्यावरूनच पडले. पेडेस्ट्रियन म्हणजे पादचारी. हा शब्द मुलाला दादर स्थानकाच्या पादचारी पुलावरच समजावून सांगावा, कारण ‘पादचारी’मधला पाद आणि पेडेस्ट्रियनमधला ‘पेड’ हे एकाच प्राचीन मूळ शब्दाचे वंशज आहेत. याच शब्दाला विशेषण म्हणून ‘नीरस, अगदी सामान्य’ असाही अर्थ आहे. तो आपण पाठवलेल्या यादीत नाही, पण उताऱ्यावरील प्रश्नांत मुले नेमकी तिथेच अडखळतात, म्हणून तो अवश्य लिहून घ्यावा.

इम्पीड आणि एक्स्पिडाइट ही जोडी मात्र सावकाश शिकवण्यासारखी आहे. यादीत त्यांच्यापुढे ‘अडथळा आणणे’ आणि ‘वेग देणे’ असे कोरडे अर्थ दिले आहेत आणि पायाशी त्यांचा संबंध काय, हे मुलाला कळायला मार्ग नाही. इम्पीडच्या मुळाशी पाय अडकवून ठेवण्याची कल्पना आहे आणि एक्स्पिडाइटच्या मुळाशी अडकलेला पाय सोडवण्याची. आपण मराठीत एखाद्याच्या कामात ‘खोडा घातला’ असे म्हणतो, तेव्हा आपल्याही मनात हीच कल्पना असते, कारण खोडा म्हणजे पूर्वी कैद्याचे पाय अडकवण्यासाठी वापरत ते लाकूड. खोडा घालणे म्हणजे इम्पीड आणि खोडा काढणे म्हणजे एक्स्पिडाइट, असे एकदा सांगितले की मुले हे दोन शब्द सहसा विसरत नाहीत. मोहीम या अर्थाचा एक्स्पिडिशन हा शब्दही त्याच घरातला आहे. पेडिग्री, म्हणजे वंशावळ, हा शब्द फ्रेंचमधील ‘क्रौंचाचा पाय’ या अर्थाच्या शब्दांवरून आला. वंशवृक्षात फांद्या दाखवणारी खूण त्या पक्ष्याच्या पावलासारखी दिसत असे.

दुसरे कुळ ग्रीक असून तिथे या अक्षरांचा अर्थ ‘मूल’ असा आहे. पीडियाट्रिशियन म्हणजे बालरोगतज्ज्ञ, पेडगॉजी म्हणजे अध्यापनशास्त्र, तर एन्सायक्लोपीडियाच्या मुळाशी मुलाला द्यायच्या सर्वांगीण शिक्षणाची कल्पना आहे. सर्वांत जास्त फसवणारा शब्द म्हणजे ऑर्थोपीडिक. हाडांच्या डॉक्टरकडे बहुतेक लोक पाय किंवा गुडघा घेऊन जातात, त्यामुळे मोठी माणसेही तो पायाच्या कुळात घालतात. प्रत्यक्षात निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने 1741 साली मुलांच्या शरीरातले व्यंग टाळण्याविषयी आणि दुरुस्त करण्याविषयी ग्रंथ लिहिला, तेव्हा ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने हे नाव तयार केले.

ही दोन कुळे ओळखण्याची एक भरवशाची खूण आहे. ब्रिटिश वर्णलेखनात मूल या अर्थाच्या शब्दांत पी आणि ई यांच्या मध्ये एक ‘ए’ येतो, पायाच्या शब्दांत तो कधीच येत नाही. अमेरिकेत तो ‘ए’ गाळला जातो आणि तिथून हा घोळ सुरू होतो. परळमधल्या रुग्णालयांच्या परिसरातून जाताना बालरोग आणि अस्थिरोग विभागांच्या इंग्रजी पाट्या मुलाला वाचायला लावाव्यात आणि तो ‘ए’ त्याचा त्याला शोधू द्यावा. पेडगॉजीला मात्र ही खूण लागू पडत नाही, कारण त्यात ब्रिटिश लेखकही बहुधा ‘ए’ लिहीत नाहीत. तो अपवाद वेगळा लक्षात ठेवावा लागतो.

याशिवाय काही शब्दांत ही अक्षरे निव्वळ योगायोगाने येतात. हेल्प्ड, जम्प्ड ही तर साधी भूतकाळाची रूपे आहेत. टॉर्पीडोचे मूळ ‘बधिर होणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. विजेचा झटका देणाऱ्या माशाचे ते नाव पुढे पाण्याखालच्या अस्त्राला मिळाले. असे शब्द यादीतून सरळ काढून टाकावेत.

उलट, यादीत न बसणारे काही शब्द खरे नात्यातले आहेत. फूट म्हणजे पाय, हा शब्द त्याच मूळ शब्दातून आला आहे. जर्मानिक भाषांमध्ये, म्हणजे इंग्रजी, जर्मन यांच्या कुळातील भाषांमध्ये, जुन्या ‘प’चा ‘फ’ झाला आणि ‘द’चा ‘त’ झाला, हा नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी 1822 साली पद्धतशीरपणे मांडला. म्हणूनच आपल्या ‘पितृ’समोर इंग्रजीत फादर आहे आणि ‘पाद’समोर फूट. ग्रीकमधून आलेले ट्रायपॉड म्हणजे तिपाई आणि ऑक्टोपस म्हणजे अष्टपाद, हेही त्याच घरातले आहेत.

तेव्हा मुलाला वहीच्या डाव्या पानावर ‘पाय’ आणि उजव्या पानावर ‘मूल’ असे मथळे घालून यादी नव्याने लिहायला सांगावी आणि प्रत्येक शब्दाचे एक वाक्य त्याने स्वतः करावे. शंका आली तर ज्या शब्दकोशात नोंदीसोबत शब्दाची व्युत्पत्ती दिलेली असते, असा मोठा कोश पाहावा. विद्यार्थ्यांच्या छोट्या आवृत्त्यांत ती बहुधा गाळलेली असते. त्यानंतर ‘जे-ई-सी-टी’ हा गट घ्यावा. त्यातले नेहमीचे शब्द ‘फेकणे’ या एकाच अर्थातून निघाले आहेत: रिजेक्ट म्हणजे परत फेकणे, इंजेक्ट म्हणजे आत सोडणे, डिजेक्टेड म्हणजे मनाने खाली फेकला गेलेला, खिन्न. ‘पी-ओ-आर-टी’चा गट मात्र सध्या बाजूला ठेवावा, कारण वाहून नेण्याच्या अर्थाच्या इम्पोर्ट आणि एक्स्पोर्टसोबत त्यात पोर्ट्रेटही येऊन बसतो आणि त्याचे मूळ ‘ओढणे’ या वेगळ्याच क्रियापदात आहे.