पणजीतल्या त्या जेवणाविषयी

चिरंजीव यास अनेक आशीर्वाद.

लग्नाचा पहिला वाढदिवस जुलैअखेर पणजीत साजरा करण्याचा तुमचा बेत कळला, आणि त्या रात्रीच्या जेवणासाठी एखादे ‘भारी’ ठिकाण सुचवावे, असे तू लिहिलेस. माझे मत विचारशील, तर फोंतेन्यास या पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत, जुन्या घरात चालणारे, मोजक्याच टेबलांचे आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत शिजते ते अन्न वाढणारे रेस्टॉरंट निवड. पंचतारांकित हॉटेलात मेणबत्त्या अधिक असतील, पण तिथल्या मेनूतले निम्मे पदार्थ तुला पुण्यातही मिळतात. ठिकाणापेक्षा मला काळजी आहे ती तुझ्या हिशेबी स्वभावाची, म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे.

किती खर्च करायचा ते घरीच ठरव, आणि एकदा ठरले की हॉटेलात त्याचा विचारही करू नकोस. पदार्थाच्या नावाआधी त्याची किंमत वाचणारा नवरा बायकोच्या लगेच लक्षात येतो, मग ती आपल्याला हवे ते न मागता त्यातल्या त्यात स्वस्त काय आहे ते मागते, आणि वर ‘मला फारशी भूक नाही’ असेही सांगते. एवढे झाले की पुढे कितीही उत्तम अन्न आले तरी उपयोग नाही. ठरवलेली रक्कम तुला परवडणारी असावी, पण एकदा ठरवल्यावर ती खर्च झालीच असे समजून टेबलावर बसावे.

जागा आधी फोन करून राखून ठेव आणि वेळ साडेसातची घे. नऊनंतर गर्दी होते, स्वयंपाकघरावर ताण येतो आणि वाढणाऱ्याला तुमच्याशी दोन शब्द बोलायलाही सवड उरत नाही. टेबल खिडकीशी किंवा कोपऱ्यात हवे, स्वयंपाकघराच्या दाराजवळ नको, हेही फोनवरच सांगावे. त्यात संकोच वाटण्याजोगे काही नाही.

आता खाण्याविषयी. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा मेनूवरचा इसवण किंवा पापलेट बहुधा बर्फातला असेल. तो खाऊ नये असे नाही, पण सणाच्या रात्री पैसे मोजून खाण्याजोगा तो नव्हे. त्यापेक्षा खाडीतले आणि नदीतले आज काय आले आहे ते विचार. चोणक, शेवटे असे मासे, खेकडे किंवा खाडीतली कोळंबी यांपैकी काहीतरी मिळण्याचा संभव असतो. चोणक मिळालाच, तर लाल मिरची आणि व्हिनेगरचा रेशाद मसाला भरून तळायला सांग. चिकन काफ्रेआल घ्यावे, कारण कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीचे ते वाटण चांगल्या हाताचे असेल तर तिखट असूनही जड होत नाही. सोरपोतेल हा डुकराच्या मांसाचा आणि काळजाचा पदार्थ मुरल्यावरच चांगला लागतो, म्हणून तो कालचा आहे असे वाढणाऱ्याने सांगितले तर नाक मुरडू नकोस, उलट आनंदाने माग आणि सोबत सान्ना, म्हणजे इडलीसारखे वाफवलेले तांदळाचे वडे, घे. तिला डुकराचे मांस चालते की नाही, हे मात्र आधी विचारून ठेव. कसले रेस्टॉरंट आहे याचाच पत्ता लागू न देणारे आश्चर्याचे धक्के जेवणाच्या बाबतीत फार क्वचित सुखाचे ठरतात.

हे सगळे एकदम मागवू नकोस. श्रावण तोंडावर आला असेल आणि गटारीचा उत्साह तुझ्या अंगात असेल, हे मी जाणतो, पण पंगतीसारखे ताट भरून घेतले की निम्मे थंड होते आणि बोलण्याऐवजी संपवण्याची घाई सुरू होते. एक पदार्थ मागवावा, दोघांनी वाटून खावा, पोयीच्या, म्हणजे गोव्यातल्या पोकळ पावाच्या, तुकड्याने ताटलीतला रस्सा पुसून घ्यावा आणि मग पुढचे सांगावे. शेवटच्या बेबिंकेसाठी, म्हणजे गोव्यातल्या थरांच्या गोड पदार्थासाठी, पोटात जागा राहिलीच पाहिजे. नारळाचे दूध, अंड्यातला पिवळा बलक, साखर आणि तूप यांचा एक थर वरून धग देऊन भाजला गेल्यावरच पुढचा थर ओतायचा, अशा रीतीने ती तासन्‌तास खपून केलेली असते. भरल्या पोटी दोन घास खाऊन ती टाकून देणे मला तरी बघवत नाही. दुपारी हलके जेवा, मात्र उपाशी राहू नका, कारण भुकेने कासावीस झालेल्या माणसाला चव कळत नाही.

काजूची फेणी घ्यायची असेल तर एकच पेला, तोही लिंबू-सोडा घालून, सावकाश घ्यावा; तिच्यात सुमारे ४२ टक्के मद्यार्क असतो. हुर्राक ही काजूची पहिल्या धारेची सौम्य दारू काजूच्या हंगामातली, म्हणजे मार्च ते मेमधली, तेव्हा जुलैत तिचा हट्ट धरू नये. भाड्याची स्कूटर त्या रात्री मुक्कामावरच ठेवावी. जेवणानंतर त्या गल्ल्यांतून जरूर फिरा, पण तिथे माणसे राहतात. त्यांच्या उंबऱ्यावर उभे राहून फोटो काढणाऱ्यांना ती मंडळी कंटाळली आहेत, आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

बिलाबद्दल एवढेच. साध्या रेस्टॉरंटात जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो, मद्यावरचा कर वेगळा असतो. सेवा शुल्क आपोआप लावू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितले आहे, तेव्हा ते लावलेले दिसले तर काढून टाकण्यास सांगण्याचा तुला हक्क आहे. पण त्यासाठी तिच्यादेखत वाद घालत बसू नकोस, काउंटरवर जाऊन शांतपणे सांग. वाढणाऱ्याने मन लावून वाढले असेल तर बक्षिसी त्याच्या हातात रोख दे. काही रेस्टॉरंटे रविवारी बंद असतात, म्हणून तुमची तारीख कोणत्या वारी येते ते पाहून या आठवड्यातच फोन कर.

कळावे, तुम्हा दोघांना आशीर्वाद.