वडिलांची दोन सीटर विकताना

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि गॅरेज

प्रश्न : माझे वडील गेल्या वर्षी गेले. लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारखी दिसणारी त्यांची पिवळी दोन सीटर गाडी पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी आहे. आपल्याकडच्याच एका छोट्या कंपनीने बनवलेली, फायबर बॉडीची. आरसी बुकवर नावही त्याच कंपनीचं. आता ती विकायची आहे. एक गॅरेजवाले म्हणतात, मॅट ब्लॅक रंग, मोठे अलॉय, म्युझिक सिस्टीम आणि लोटसचा बॅज एवढं केलं तर दुप्पट किंमत येईल. खर्च तीन लाखांपर्यंत. ‘गाडी मुळात नक्कलच आहे, मग ओरिजिनल राखून काय मिळणार?’ असं ते विचारतात. काय करू?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : ताई, ते तीन लाख बँकेतच राहू द्या. गॅरेजवाल्यांचा सल्ला मला अजिबात पटलेला नाही.

नकलेलाही तिचं स्वतःचं मूळ असतं. तुमची गाडी लोटस नाही हे कुणीही जाणकार लांबून ओळखेल, आणि ती घ्यायला येणारा माणूस जाणकारच असणार. तो पाहणार ते एवढंच की ज्या कंपनीने ती बनवली, तिने दिली तशी ती आहे का, आणि मधल्या काळात कुणी तिच्यात काय घुसडलं. परदेशात कोब्राच्या बाबतीत हे उघड दिसतं. १९६२ पासून अमेरिकेच्या कॅरोल शेल्बींनी ‘एसी’ नावाच्या ब्रिटिश कंपनीच्या गाडीत फोर्डचं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बसवून कोब्रा ही जी स्पोर्ट्स कार काढली, त्या मूळ गाड्या हजाराच्या आसपास. नकला त्याच्या कितीतरी पट. पण सगळ्या नकलांना एक भाव नाही. दक्षिण आफ्रिकेत कारखान्यात तयार होणाऱ्या सुपरफॉर्मन्स या कंपनीची कोब्राची नक्कल घेणाऱ्याला काय मिळणार ते आधीच ठाऊक असतं. फॅक्टरी फाइव्ह या अमेरिकी कंपनीचं किट, म्हणजे सुट्या भागांचा संच, मात्र लोक घरी जोडतात, त्यामुळे तिथे किंमत ठरते ती जोडणाऱ्याच्या हातावर. एकाच किटच्या दोन गाड्यांच्या भावात मोठी तफावत पडते, ती याच कारणाने.

म्हणून बॅज नको. आरसीवर एक नाव आणि नाकावर दुसरं असलं की घेणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, आणखी काय लपवलंय? तिथून पुढे तो प्रत्येक गोष्टीचे पैसे कापत जातो. शिवाय दुसऱ्याचा ट्रेडमार्क लावून गाडी विकणं हा कायद्याचाही प्रश्न आहे.

मोठे अलॉय आणि म्युझिक सिस्टीमही याच कारणाने नकोत. सेव्हन ही १९५७ ची गाडी. वजन जितकं कमी तितकी गाडी चांगली, हा लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचा आग्रह, आणि मूळ गाडी पाचशे किलोच्या आतबाहेर होती. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या ब्रिटिश कंपनीकडे गेले आणि ते आजही तिचाच अवतार बनवतात, इतकी ती कल्पना पक्की आहे. नकलेची निष्ठा इथे मोजली जाते. उघडी चाकं, लांब नाक, साधा डॅशबोर्ड, बारीक स्टीअरिंग. त्यात स्पीकरची पेटी बसवली की तिच्यावर जीव असलेलं गिऱ्हाईक गेलं, आणि दुसऱ्या कुणाला ही गाडी नकोच असते.

आता रंगाचं. फायबरच्या गाडीवरचा पिवळा बहुतेकदा वरून मारलेला रंग नसतो, तो साच्यातच ओतलेला जेल कोट, म्हणजे रंगीत रेझिनचा वरचा थर असतो. उन्हाने तो खडूसारखा पांढुरका पडतो आणि लोकांना वाटतं, रंग गेला. तसं नसतं. हजार, मग पंधराशे, मग दोन हजार नंबरचा पेपर पाण्याने फिरवून रबिंग-पॉलिश केलं की आतला पिवळा वर येतो. मडगार्डच्या बोल्टभोवती आणि हेडलाइटच्या बुडाशी चांदणीसारख्या बारीक रेघा असतील तर त्या खरवडून व्ही आकाराची खाच पाडायची आणि जेल कोटनेच भरायची. पुट्टी भरून वर रंग मारला तर एका पावसाळ्यात त्याच रेघा पुन्हा डोकं वर काढतात. भोसरीत औद्योगिक फायबरचं काम करणारे कारागीर हे व्यवस्थित करतात. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जाऊ नका. आणि मॅट ब्लॅक केलात तर आरसीवरचा रंगही बदलून घ्यावा लागेल, ते वेगळंच.

मी स्वतः अशी गाडी बघायला गेलो की आधी ट्यूबलाइटखाली उभी करायला सांगतो. गुडघ्यावर बसून बॉडीत दिव्याचं प्रतिबिंब बघायचं. नळी सरळ दिसली तर साचा आणि हात दोन्ही चांगले. लाटा दिसल्या तर खाली पुट्टीचा भरणा आहे. मग बॉनेट आणि बॉडीमधल्या फटीतून बोट फिरवायचं. ती एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद असली की चेसिसला कधी मार बसलाय का ते तपासायचं. शेवटी डॅशबोर्डखाली टॉर्च. इथेच सर्वाधिक सौदे मोडतात. वायरी कापडी टेपने गुंडाळलेल्या, जोड पिळून केलेले, फ्यूजऐवजी तार, असं दिसलं की वरचा आरशासारखा रंग काही कामाचा नाही. तुमच्याकडचे पैसे खर्चायचेच असतील तर वायरिंग, ब्रेकचे पाइप आणि रबर यांवर खर्चा.

एक गोष्ट फार जपून करा. चेसिसला गंज दिसला म्हणून सरसकट पावडर कोटिंग करू नका. ट्रान्सफरच्या वेळी चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घ्यावी लागते. नंबरावर जाड थर बसला की आकडे उठत नाहीत, आणि चांगली गाडी कागदावर अडकते. नंबराची जागा झाकून घ्या. इंजिनही तेच राहू द्या, नंबर आरसीशी जुळला पाहिजे.

गाडी अजून वडिलांच्या नावावर असेल तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या, म्हणजे तुमच्या नावावर करा. पंधरा वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्सही उरका. ‘दिसायला जुनी आहे तर व्हिंटेजमध्ये नोंदवू’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. २०२१ च्या नियमांतली ती सवलत पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना आहे.

वडिलांनी बिलं, सर्व्हिसच्या नोंदी, फोटो, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार काही ठेवलं असेल तर कपाटं शोधा. काढून ठेवलेली जुनी चाकं, सीट, आरसे माळ्यावर असतील तर तेही गाडीबरोबर द्या. अशी फाइल हातात ठेवणाऱ्याला भावात फार घासाघीस सोसावी लागत नाही. आणि जाहिरातीत ‘लोटस’ असं न लिहिता कंपनीचं नाव आणि ‘सेव्हनच्या धर्तीवरची’ असं स्वच्छ लिहा.

प्रश्न : जुन्या सिव्हिकवर फेरारीसारखी बॉडी बसवून घ्यायची आहे. बारा लाख खर्च सांगितलाय. पुढे विकताना पैसे निघतील का?
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर : नाही निघणार. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं आहे. आरसीवर सिव्हिक, रस्त्यावर दुसरंच काही. विम्याचा दावा तिथेच अडतो आणि घेणाराही. दिसण्याचं म्हणाल तर अमेरिकेत या कामासाठी पाँटिअ‍ॅक फिएरो वापरत, कारण तिचं इंजिन सीटच्या मागे होतं. सिव्हिकचं पुढे आहे, त्यामुळे काच आणि छप्पर कुठे बसवलं तरी बांधा चुकतोच, आणि तो कितीही रंग लावला तरी झाकला जात नाही. तुमच्या बजेटमध्ये कारखान्यातून दोन सीटर म्हणूनच नोंदलेली, वापरलेली गाडी शोधा. अलिबागजवळ बनलेली चिंकारा रोडस्टर अधूनमधून विकायला निघते. बघायला जाताना टॉर्च घेऊन जा आणि आरसीवरचे दोन्ही नंबर गाडीवर स्वतः वाचून बघा.