इस्लामी राज्यविचार आणि अल्पसंख्याक : या अभ्यासाला भवितव्य आहे का?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यात माध्यमिक शिक्षक आहे. माझी मुलगी राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एका प्रकल्पासाठी तिने पाकिस्तानच्या संविधानसभेतील चर्चा वाचल्या आणि तेव्हापासून ‘इस्लामी राजकीय विचारातील बिगरमुस्लिमांचे स्थान’ याच विषयात पुढे शिकायचे तिने ठरवले आहे. नातेवाईक म्हणतात, आपल्या मुलीने या वादात कशाला पडावे? मला काळजी आहे ती नोकरीची. तिने स्पर्धा परीक्षा द्यावी, असे मला वाटते. कृपया मार्गदर्शन करावे. – एक पालक

उत्तर : सर, आपल्या मुलीचा विषय अवघड आहे, पण तो हट्ट म्हणून बाजूला सारावा असा नाही. मात्र तो आज ज्या रूपात तिच्या मनात आहे, त्या रूपात त्यावर ना प्रबंध होईल, ना नोकरी मिळेल. ‘इस्लाम अल्पसंख्याकांशी कसा वागतो’ हा प्रश्न सभेत चालतो. अभ्यासकाला मात्र कोणता काळ, कोणता प्रदेश, कोणता न्यायसंप्रदाय (इस्लामी कायद्याचा अर्थ लावणारी परंपरा) आणि कोणता ग्रंथ, हे आधी ठरवावे लागते.

असे का म्हणतो, ते सांगतो. अभिजात इस्लामी कायद्यात बिगरमुस्लिम प्रजेला ‘जिम्मी’ म्हणत. त्यांच्या जीविताचे, मालमत्तेचे व उपासनेचे रक्षण करण्याची हमी राज्य देत असे आणि त्या बदल्यात त्यांनी जिझिया हा कर भरावा व दुय्यम स्थान मान्य करावे, अशी अट असे. हनफी या न्यायसंप्रदायाच्या पंडितांनी जिझियाचे ऐपतीनुसार वर्षाला १२, २४ आणि ४८ दिरहम असे तीन दर मानले, आणि स्त्रिया व मुले यांना त्यातून वगळले. शाफई संप्रदायाने ही सोय ज्यू, ख्रिस्ती आणि पारशी यांच्यापुरतीच मानली, तर हनफींनी अरबस्तानाबाहेरच्या मूर्तिपूजकांनाही ती दिली. हिंदुस्थानातील हिंदूंना जिम्मी मानण्याला शास्त्राधार मिळाला तो या मतामुळे. पण शास्त्र सांगितले म्हणजे व्यवहार कळला असे होत नाही. अकबराने १५६४ मध्ये जिझिया उठवला आणि औरंगजेबाने १६७९ मध्ये तो पुन्हा बसवला. दोघांच्याही काळी प्रमाण मानला जाणारा संप्रदाय हनफीच होता. बदलले ते राज्य चालवण्याचे धोरण.

अकराव्या शतकात बगदादमध्ये अल-मावर्दी या न्यायपंडिताने वजिरांचे दोन प्रकार सांगितले. खलिफाच्या वतीने स्वतः निर्णय घेणारा वजीर मुसलमानच असला पाहिजे, पण केवळ हुकमांची अंमलबजावणी करणारा वजीर जिम्मी असला तरी चालेल, असे त्याचे मत होते. त्याच शतकातल्या अल-जुवैनीला एवढी सवलतही मान्य झाली नाही. म्हणजे हा विचार एकजिनसी कधीच नव्हता, आणि आपल्या मुलीला संशोधनाला जागा आहे ती या मतभेदांतच.

तिने पाकिस्तानचे प्रकरण सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पंतप्रधान लियाकत अली खान यांनी मार्च १९४९ मध्ये भावी राज्यघटनेची इस्लामी तत्त्वांवर आधारलेली दिशा सांगणारा ‘उद्दिष्टांचा ठराव’ मांडला, तेव्हा पूर्व बंगालचे श्रीशचंद्र चट्टोपाध्याय यांनी सभागृहात त्याला विरोध केला आणि हिंदू सदस्यांच्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. बिगरमुस्लिम व्यक्ती प्रशासनाची प्रमुख होऊ शकत नाही हे म्हणणे चुकीचे आहे, असे लियाकत अली यांनी त्या चर्चेत सांगितले. पण १९५६ च्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्ष मुसलमानच असावा अशी अट घातली. ठरावाची बाजू घेणारे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान हे अहमदी, म्हणजे स्वतःला मुसलमान मानणाऱ्या एका पंथाचे होते, आणि १९७४ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने अहमदींनाच बिगरमुस्लिम ठरवले. मूळ ठरावात अल्पसंख्याकांना आपला धर्म ‘मुक्तपणे’ पाळता येईल असे म्हटले होते. लष्करशहा झिया उल हक यांच्या राजवटीत, १९८५ मध्ये, तो ठराव घटनेचा भाग झाला तेव्हा नेमका हा शब्द गळला, आणि तो परत यायला २०१० साल उजाडले. या साऱ्या चर्चा व दुरुस्त्या इंग्रजीत उपलब्ध असल्याने तिला आजच कामाला लागता येईल.

इस्लामी राज्य हे वैचारिक राज्य असल्याने त्याची धोरणे ठरवणारी पदे बिगरमुस्लिमांना देता येणार नाहीत, अशी मांडणी करणारे, जमाते इस्लामीचे संस्थापक मौलाना मौदूदी १९०३ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आपल्या मराठवाड्यातच जन्मले. त्यांचे लेखन मुळातून वाचायचे तर उर्दू हवी. लिपी काही महिन्यांत येते, आणि राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा पदविका अभ्यासक्रम घरी राहूनही करता येतो. मावर्दीपर्यंत जायचे असेल तर अरबीला पर्याय नाही, आणि तिला चार-पाच वर्षे द्यावी लागतात. एवढी तयारी नसेल, तर पीएच.डी.चा विचार न केलेला बरा. भाषांतरांवर उभा राहिलेला प्रबंध या क्षेत्रात टिकत नाही.

आता नोकरीविषयी. इस्लामी अध्ययनाच्या जागा देशात मोजक्याच आहेत. म्हणून तिने एम.ए. राज्यशास्त्रात किंवा आंतरराष्ट्रीय संबंधांत करावे, हा विषय प्रबंधासाठी ठेवावा, म्हणजे महाराष्ट्रातील महाविद्यालयांत राज्यशास्त्राच्या जागेसाठी अर्ज करता येईल. दिल्लीत जेएनयूमध्ये दक्षिण आशिया व पश्चिम आशिया यांची स्वतंत्र अध्ययन केंद्रे आहेत. जामिया मिलिया, अलीगढ आणि हैदराबादचे मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ हेही पर्याय आहेत. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे संशोधनाच्या काळात घरावर भार पडत नाही. अरबी नीट आली तर अनुवाद, दूतावास, आखाती व्यापार आणि आखातातून रुग्ण येणारी मोठी रुग्णालये येथेही काम मिळते. स्पर्धा परीक्षेचा मार्ग याने बंद होत नाही, कारण राज्यशास्त्र हा केंद्रीय लोकसेवा परीक्षेतला वैकल्पिक विषय आहेच, आणि परराष्ट्र सेवेतील काही अधिकाऱ्यांना अरबी शिकावीच लागते.

नातेवाइकांच्या आक्षेपाबद्दल एवढेच सांगतो की फारसी-उर्दूचे जाणते सेतुमाधवराव पगडी हे आपल्याच निलंग्याचे, आणि मोगलकालीन साधने मराठी वाचकांपर्यंत पोचली त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. आपल्या मुलीला दोन्हीकडून टोचणी लागेल, हे खरे आहे. कोणी तिच्याकडून निंदा मागेल, कोणी समर्थन. त्यासाठी तिचा मार्गदर्शक मूळ साधने वाचणारा असला पाहिजे. प्रवेश घेण्यापूर्वी त्या प्राध्यापकांचे दोन तरी शोधनिबंध तिने वाचावेत, आणि केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा अर्ज मुदतीत भरावा. उर्दूचा वर्ग मात्र निकालाची वाट न पाहता याच महिन्यात सुरू करू द्या.