रविवारी अर्पणाच्या थैलीत नोटा कमी पडू लागल्यात. पुण्यातल्या लहान चर्चने काय करावं?

लोक द्यायचे थांबलेत असं नाही, खिशात रोकड नसते इतकंच. कॅम्पात साधा बनमस्काही आता क्यूआरवर मिळतो. तेव्हा क्यूआर लावाच, पण चर्चच्या ट्रस्टच्या खात्याचा. ‘तात्पुरता’ म्हणून खजिनदाराचा नंबर देऊ नका; वार्षिक सभेत त्यावरूनच वाजतं. पैसे पाठवताना ‘दशमांश’ (उत्पन्नाचा दहावा भाग), ‘इमारत निधी’ असं लिहायला सांगा, हिशेब सोपा जातो.

थैली मात्र फिरू द्या. आजीबाईंची दहाची नोट आणि पोरांची नाणी त्यातच येतात. शिवाय अर्पण हा उपासनेचा भाग आहे, बिल भरणं नव्हे. कापणीच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलावही चालू ठेवा, पैसे क्यूआरवर घ्या.

खरी गोम परदेशातल्या मुलांच्या पैशांत आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिलं तर हरकत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही ती परदेशी देणगी ठरते. ती घ्यायला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं लागतं. त्यामुळे क्यूआरचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी सीएला विचारा.